चढाईपटूचा फॉर्म गेलाय: बसवायचा, बाजू बदलायची की खेळवत ठेवायचा?

मैदान_वाळवा

नमस्कार. गावच्या मंडळाच्या संघाबद्दल विचारतोय. चढाईपटू 19 वर्षांचा, डावीकडून चढाई करणारा, वजन कुमार गटाच्या मर्यादेला टेकलेलं. मागच्या हंगामात बोनस (खोल बोनस रेषेपलीकडं पाय टेकवून मिळणारा गुण) आणि हातस्पर्श दोन्ही चांगले होते, जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत गेला. या हंगामात पार घसरलाय. दोनच गोष्टी होतात. एकतर निदान रेषा (समोरच्या अंगणात ओलांडायची पहिली रेषा) ओलांडून लगेच मागं फिरतो, नाहीतर उजवा कोपरा, म्हणजे त्यांच्या उजव्या टोकाचा बचावपटू, घोटा धरतो. मेहनतीत कमी नाही, पळणं, दंड-बैठका सगळं वेळेवर. घरचीही काही अडचण नाही.

संघ सध्या असा चालतो: पहिल्या दोन चढाया दुसरे दोघं करतात आणि तिसरी त्याची, कारण संघातला मुख्य गडी तोच. दोनदा पकडला गेला की बदली. बाकावरून तिघं-चौघं ओरडून सांगत असतात, त्यात मंडळाचे जुने खेळाडूही आले.

आता मंडळात तीन मतं आहेत. काही जण म्हणतात उरलेला हंगाम बसवा, यात्रांच्या स्पर्धा होऊन जाऊ देत, मग बघू. काही म्हणतात बाजू बदला, उजवीकडून पाठवा, म्हणजे कोपरा तरी बदलेल. आणि बाकीचे म्हणतात काही करू नका, खेळून खेळून येईल. कुमार गटाचं त्याचं हे शेवटचं वर्ष, म्हणून घाई आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं. ‘आत्मविश्वास वाढवा’ एवढंच नको, तो कशानं वाढतो ते सांगा.

कोपरा_तासगाव

सर, बसवायचं का खेळवायचं हे नंतर ठरवू. आधी त्याच्या वाट्याला कुठल्या चढाया येतात ते बघा. तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘तिसरी त्याची’ ही आहे.

दोन रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई म्हणजे गुण आण नाहीतर बाहेर जा. हे समोरच्या सातही जणांना माहीत असतं. त्यांना पुढं यायची गरज नसते. साखळी धरून, कोपरे खोल ठेवून ते 30 सेकंद नुसते थांबतात आणि येणाऱ्याला आत येऊ देतात. अशा चढाईत चांगल्या फॉर्मातल्या गड्याचंही बाहेर जाण्याचं प्रमाण वाढतं. आणि मोजणी कशी चालते बघा. आधीच्या दोघांपैकी कुणी गुण घेतला किंवा बाहेर गेला की मोजणी परत पहिल्यापासून, म्हणजे ह्याची पाळी पुढं गेली. 20-20 मिनिटांच्या सामन्यात घड्याळ कुठं थांबलं नाही आणि प्रत्येक चढाई पूर्ण 30 सेकंद चालली असं धरलं तर एकूण 80 चढाया होतात, आपल्या वाट्याला 40. तिघांत सरळ वाटल्या तर एकाला तेरा-चौदा. तुमच्या पद्धतीत ह्या पोराला त्याच्या निम्म्याही मिळत नसतील, आणि मिळतात त्या सगळ्या करो वा मरोच्या. चाचपून बघायला, कोपरा कसा बसतोय, कव्हर (कोपऱ्याच्या मदतीला येणारा मधल्या बाजूचा बचावपटू) किती पुढं येतंय हे वाचायला त्याला एकही मोकळी चढाई नाही. मग तो शिकणार कधी?

दुसरं, समोर किती गडी असताना पाठवता?

सहा किंवा सात असतील तर बोनस चालू. पण सातांत दोन कोपरे, दोन इन, दोन कव्हर आणि मधला एक. कोपऱ्यानं घोटा धरला की कव्हरला अंगावर यायला एक पाऊल पुरतं. तीन किंवा त्याहून कमी असतील तर बोनस नाही आणि पकड झाली की त्यांना दोन गुण. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तिघंच आहेत, सोपं आहे. पण राखायला काही उरलेलं नसल्यानं ते तिघं बिनधास्त झेपावतात. फॉर्म गेलेल्या पोराला मैदान मिळतं ते समोर चार किंवा पाच असताना. तिथं अव्वल पकडीचा धोका नाही आणि कोपरा-कव्हरमधलं अंतर वाढलेलं असतं, त्यामुळे हात मारायला जागा असते. नेमक्या त्याच वेळी आपण बहुतेकदा फॉर्मातल्या गड्याला पाठवतो, लोण (समोरचा सगळा संघ बाद) लवकर चढावा म्हणून. प्रशिक्षकानं इथं चार-पाच चढाया ह्या पोरासाठी सोडायची तयारी ठेवली पाहिजे.

तिसरं, गडी ज्या क्रमानं बाहेर जातात त्याच क्रमानं आत येतात. आपले दोन आधीच बाहेर असताना हा पकडला गेला तर तो रांगेत तिसरा, संघानं समोरचे तीन गडी बाद केल्याशिवाय परत येत नाही. आपले सात पूर्ण असताना पकडला गेला तर समोरचा एक बाद झाला की आत. चूक तीच, पण एकात तो पाच मिनिटं बाहेर बसून विचार करत राहतो आणि दुसऱ्यात पुढच्याच मिनिटाला दम घालत (‘कबड्डी-कबड्डी’ म्हणत चढाई करत) असतो.

आता घोट्याबद्दल. मागच्या हंगामात बोनस चांगला होता म्हणालात. बोनससाठी पुढचा पाय बोनस रेषेपलीकडं टेकलेला आणि मागचा हवेत लागतो. त्या क्षणी अंगाचा सगळा भार एका पायावर आणि तोच पाय उजव्या कोपऱ्याच्या हातापाशी. समोरच्या संघांनी हे वाचलंय. कोपरा आता पुढं येत नाही, रेषेच्या मागं बसून पायाची वाट बघतो. पोराला हे जाणवतं म्हणून तो निदान रेषेवरूनच फिरतो. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारी मुळात एकच आहे.

बाजू बदलणं हा त्यावरचा उपाय नाही. बाजू बदलली की पुढं पडणारा पाय बदलतो, वळायची दिशा बदलते, परतीची वाट बदलते. एवढं अंगवळणी पडायला आख्खा बिगरहंगाम लागतो. भर हंगामात बदलाल तर डावीकडचंही जाईल आणि उजवीकडचंही येणार नाही.

आधी एक काम करा. शेवटचे दोन-तीन सामने मोबाईलवर असतील तर एक वही घ्या आणि त्याच्या प्रत्येक चढाईला एक ओळ द्या: समोर किती गडी, आपली ती कितवी रिकामी, निदान रेषा कितव्या सेकंदाला ओलांडली, कुणी धरलं, कुठं धरलं, त्या वेळी भार कुठल्या पायावर. इथं टाका, मग सराव सांगतो.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यातून. कबड्डी बघतो, पण इथं अमेरिकन फुटबॉलमधलं सांगावंसं वाटतं, कारण ‘बसवायचा की खेळवायचा’ हा वाद जगात सगळ्यात जास्त तिथं क्वार्टरबॅकवरून होतो आणि त्याची नोंदही नीट ठेवलेली असते.

क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो तो. चेंडू हातात आल्यावर अडीच-तीन सेकंदांत कुणाला फेकायचा ते ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरचे चार-पाच धिप्पाड गडी त्याला पाडायला येत असतात. चुकला तर सगळ्या मैदानाला दिसतं, चढाईपटूसारखंच.

2002 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ आला. त्यांनी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्याच क्रमांकावर डेव्हिड कारला घेतलं आणि पहिल्या सामन्यापासून उभं केलं. पुढं अडवणारी फळी कच्ची होती. त्या एका हंगामात तो 76 वेळा चेंडूसह पाडला गेला, एका हंगामातला हा विक्रम अजून मोडलेला नाही. 2005 मध्ये परत 68 वेळा. अशा मारात खेळाडू लांब बघायचं सोडतो आणि अंगावर कोण येतंय तेच बघत राहतो. हाताची ताकद होती, पण मोठा क्वार्टरबॅक तो कधीच झाला नाही. ‘खेळून खेळून येईल’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. खेळताना माणूस वाईट सवयीसुद्धा शिकतो.

उलट बाजू जॅरेड गॉफची. 2016 मध्ये तोही पहिल्या क्रमांकाची निवड, रॅम्स संघात. त्या वर्षी सात सामने सुरुवातीपासून खेळला, सातही हरला. 5 टचडाउन (गुण मिळवून देणाऱ्या फेकी) आणि 7 चेंडू समोरच्यांच्या हातात. पोरगं वाया गेलं असं तेव्हाच म्हणायला लागले होते. पुढच्या वर्षी शॉन मॅक्व्हे प्रशिक्षक झाला. गॉफ तोच, पण 28 टचडाउन आणि 11 विजय. मॅक्व्हेनं काय केलं? पुढची फळी मजबूत केली, धावण्याचा आभास देऊन फेकायचे डाव वाढवले म्हणजे बचाव आधी चुकीच्या बाजूला सरकेल, आणि संघ लवकर उभा करायला लावला. तिथं क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज येतो, पण डाव सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. संघ लवकर उभा राहिला तर समोरचा बचाव कसा मांडलाय हे बघून प्रशिक्षकाला आवाज बंद व्हायच्या आत सांगता येतं. पोराच्या डोक्यावरचा निर्णयाचा भार त्यानं असा कमी केला.

बसवण्याचंही एक चांगलं उदाहरण आहे. पॅट्रिक महोम्स 2017 च्या हंगामात जवळजवळ पूर्ण बसला, फक्त शेवटचा सामना खेळला, आणि 2018 मध्ये 50 टचडाउन फेकून सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याला बसवलं ते अपयशानंतर नाही. समोर ॲलेक्स स्मिथसारखा जाणता खेळाडू रोज तयारी कशी करतो ते बघायला, आणि हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. ब्राइस यंगचं वेगळं. 2023 ची पहिली निवड, आणि 2024 मध्ये दोनच सामन्यांनंतर बाकावर. पाच सामने अँडी डाल्टन खेळला, मग डाल्टनला दुखापत झाल्यावर यंग परत आला आणि उरलेला हंगाम आधीपेक्षा बराच बरा खेळला. म्हणून बसवणं वाईटच असं मी म्हणणार नाही.

आणि ज्या ॲलेक्स स्मिथचं नाव वर आलं त्याचंच आधीचं बघा. 2005 ची पहिली निवड. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पहिल्या तीन हंगामांत त्याचे आक्रमणाचे प्रशिक्षक तीन झाले. दर वर्षी नवी भाषा, नवे इशारे, नवं पायाचं तंत्र. 2011 मध्ये जिम हार्बो आला, आणि तोच स्मिथ पूर्ण हंगामात फक्त 5 फेकी समोरच्यांच्या हातात देऊन संघाला 13 विजयांपर्यंत घेऊन गेला. तुमच्या बाकावरून तिघं-चौघं सांगतात ना, ते मला इथं सगळ्यात जास्त खटकलं.

पंच_मिरज

अजिंक्यतारा, माहिती उत्तम आहे, पण इथं जशीच्या तशी लावता येणार नाही. तिथं पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराशी चार वर्षांचा करार असतो. आपल्याकडं कुमार गट वयाच्या 20 ला संपतो, आणि निवड चाचणीत बाकावरच्या पोराला कोणी बघत नाही. एक हंगाम बसवणं म्हणजे त्याचा तो गट संपवणं. कासेगावच्या काशिलिंग आडकेनंतर वाळवा तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाला आपला एक गडी प्रो कबड्डीत बघायचाय, ते योग्यच आहे, पण त्यासाठी पोरगं मैदानात दिसायला लागतं.

बाकावरून ओरडण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. चढाईपटूला दम सलग आणि ऐकू येईल असा ठेवायचा असतो. बाकाकडं बघून ऐकायला गेला की दम अडखळतो, आणि समोरच्या अंगणात दम तुटला तर तो बाद. मॅटच्या कडेला उभं राहिलं की हे फार वेळा दिसतं. दुसरं, ओरडणारे सांगतात ‘बोनस मार, बोनस मार’. ते समोरच्या कोपऱ्यालाही ऐकू जातं.

सांगायचं असेल तर प्रत्येक डावात 30-30 सेकंदांचे दोन विश्राम मिळतात. तेवढ्यात दोन वाक्यांपेक्षा जास्त काही डोक्यात शिरत नाही. एकानं बोलावं, बाकीच्यांनी पाणी द्यावं. आणि ‘दोनदा पकडला की बदली’ हा नियम आजच बंद करा. त्यानं पोरगं पकड वाचवायला खेळतं, गुण घ्यायला खेळत नाही. बदली करायची तर आधी सांगून करा: पहिल्या डावात तू एवढ्या चढाया करशील, मग काहीही झालं तरी विश्रांती, दुसऱ्या डावात परत. एकदा सांगितलं की दोन गुण आणले तरी तेच आणि दोनदा पकडला गेला तरी तेच.

व्यायाम_कराड

‘वजन कुमार गटाच्या मर्यादेला टेकलेलं’ हे कुणी धरलं नाही. 19 वर्षांचं पोर अजून भरतंय. मर्यादेत बसवायला रात्रीचं जेवण बंद, वजनाआधी पाणी बंद असं चाललंय का? असेल तर निम्मं उत्तर तिथं आहे.

अंगातलं पाणी वजनाच्या 2 टक्के कमी झालं तरी खेळावर परिणाम होतो. 70 किलोच्या गड्यात ते फक्त 1 किलो 400 ग्रॅम. आधी दमसास कमी पडतो, आणि दुसऱ्या डावात घोटा धरल्यावर पाय खेचून काढायला झटका उरत नाही. वही करणार आहात तर पकड कितव्या मिनिटाला झाली हेही लिहा. दुसऱ्या डावात जास्त असतील तर तंत्राच्या आधी जेवण बघा.

वजन कमी करायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, त्याहून जास्त नको, आणि हंगामाच्या आधी. वजन झाल्यावर जेवढे किलो घटवले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं, मीठ घालून. मीठ घातलेलं ताक चालतं. सोबत भात, केळी असं पचायला हलकं. वडापाव नको. ज्या यात्रेच्या स्पर्धेत वजनाची अट नाही तिथं घटवायचंच नाही.

आणखी एक विचारतो. सराव मातीवर आणि सामने मॅटवर आहेत का? मातीवर घोटा धरला तरी पाय थोडा सरकतो, ओढत नेता येतो. मॅटवर बुटाचा रबर चिकटून बसतो, टाच टेकलेली असेल तर पाय जागचा हलत नाही आणि वळताना गुडघ्यावर पीळ येतो. मातीवर ज्याचं चाललं त्याचं मॅटवर अडतं ते इथं. मॅट मिळत नसेल तर निदान बूट घालून, चवड्यावर वळायचा सराव घ्या. आणि मॅटवर जायच्या आधी बुटाचे तळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या, मैदानातली माती तळाला लागलेली असते आणि पहिल्याच चढाईला पाय निसटतो.

मैदान_वाळवा

सगळ्यांचे आभार. रात्री बसून शेवटच्या तीन सामन्यांची वही केली. त्याच्या एकूण 22 चढाया. त्यातल्या 15 तिसऱ्या चढाया. समोर चार-पाच असताना फक्त 2, आणि त्यातल्या एकीत कव्हरला हात लावून गुण आणलाय. 9 वेळा पकडला गेला, त्यातल्या 6 घोटे, सगळे उजव्या कोपऱ्याचे. त्या सहांपैकी पाचांत पुढची टाच पूर्ण टेकलेली दिसते.

एक गोष्ट आधी कधी लक्षात आली नव्हती. तिसऱ्या चढाईत विसाव्या सेकंदाच्या आसपास तो मान वळवून बाकाकडं बघतो. अर्धा सेकंद असेल. कोपरा बरोबर त्याच वेळी एक पाऊल पुढं सरकतो. दोन पकडी तिथंच झाल्यात.

कराडकरांचं बरोबर आहे. वजनासाठी रात्रीचं जेवण बंद आहे, सराव मातीवर आणि मोठे सामने मॅटवर. 9 पैकी 6 पकडी दुसऱ्या डावात. जेवण आजपासून चालू केलं.

आता सराव कसा घ्यावा ते सांगा. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे.

कोपरा_तासगाव

वही चांगली केलीत. 22 पैकी 15 तिसऱ्या असताना 9 पकडी म्हणजे पोरगं वाटतं तेवढं वाईट खेळत नाहीये. हे आकडे मंडळाच्या बैठकीत दाखवा आणि पोरालाही दाखवा. चार-पाच गड्यांसमोरची ती गुणाची चढाई त्याला दोनदा बघायला लावा.

सराव असा. मैदानाची मधली रुंदी 8 मीटर, दोन्ही बाजूंची राखीव पट्टी सोडून. ती अर्धी करून डावीकडं 4 मीटरचा पट्टा आखा, मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटर. निदान रेषा 3.75 मीटरवर, बोनस रेषा 4.75 वर, दोन्ही चुन्यानं ठळक. पट्ट्यात फक्त एक उजवा कोपरा उभा करा.

पहिला आठवडा पकड नाही. कोपऱ्यानं फक्त तळहातानं पुढच्या पायाच्या घोट्यावर थाप मारायची. चढाई 20 सेकंदांची, दम पूर्ण. नियम एकच: थाप बसली तेव्हा पुढची टाच टेकलेली असेल तर चढाईपटू हरला, टाच उचललेली आणि भार मागं असेल तर कोपरा हरला. आठ चढाया, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती, असे दोन फेर. बघायचं काय तर पुढचा पाय नुसता चाचपायला जातो का. पाय पुढं टाकायचा, भार मागच्या पायावर आणि गुडघा वाकलेला. पाऊल लांब पडलं की टाच टेकतेच, म्हणून आधी पाऊल आखूड करा. बोनस या आठवड्यात बंद.

दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्याला खरी पकड करू द्या आणि एक कव्हर वाढवा, पट्टा उजवीकडं आणखी दोन मीटर रुंद करा. इथं दोन गोष्टी शिकवायच्या. एक, घोटा हातात गेल्याबरोबर काय. बहुतेक पोरं कोपऱ्याकडं तोंड करून पाय ओढतात, त्यात कव्हर पाठीवर येतं. धरल्या क्षणी कंबर मध्यरेषेकडं फिरली पाहिजे, धरलेल्या पायाचा गुडघा पोटाकडं आला पाहिजे आणि पडायचंच झालं तर हात लांब करून रेषेच्या दिशेनं. झटापट सुरू झाली की राखीव पट्टीही खेळात येते, तिचा उपयोग करायला शिकवा. स्पर्शाआधी तिच्यात पाय पडला तर मात्र बाद, पंच तिथंच बोट दाखवतात. दोन, बोनसचा आभास. पुढचा पाय रेषेकडं टाकायचा, कोपरा वाकला की त्याला सोडून कव्हरच्या खांद्याला हात. कोपरा वाकलेला असताना त्याला परत उठायला वेळ लागतो, तेवढ्यात हात मारून दोन पावलं मागं. मागच्या हंगामाचा बोनस चांगला होता म्हणूनच हा आभास आता खपेल. समोरचे त्याच्या बोनसला घाबरूनच बसलेत.

तिसऱ्या आठवड्यात पूर्ण मैदान आणि पूर्ण संघ. पण मांडणी तुम्ही ठरवा: समोर पाच गडी असलेल्या सहा चढाया, मग सात गडी असलेल्या चार, आणि शेवटी एकच तिसरी चढाई. त्या दिवसाचा सराव तिथं संपवा, गुण आला तरी आणि नाही आला तरी.

आता सामन्याचं. पहिली चढाई त्याला द्या. मोजणी शून्यावर असते, समोर सात असतात, रिकामी गेली तरी काही बिघडत नाही. सांगायचं एवढंच की निदान रेषा ओलांड, 25 सेकंद आत राहा, कोपरा कुठं बसलाय ते बघून ये. तिसरी चढाई ज्याची झटापटीत ताकद जास्त त्याला द्या, तो गुणांत दुसरा-तिसरा असला तरी चालेल. समोरचे पाचावर आले की ह्याला पाठवा, एकदा नव्हे, सलग. चारवर आले तरी ह्यालाच. तीनवर आले की ठरलेला दुसरा. या हिशेबानं दहा-बारा चढाया सहज होतील आणि त्यातली तिसरी एखादीच असेल.

यात सामना एखाद-दोन गुणांनी जाऊ शकतो, मंडळाला आधीच सांगून ठेवा. बाहेर बसलेल्यांना ‘मुख्य गडी तिसऱ्याला का नाही’ असं वाटणारच.

मैदान_वाळवा

क्रमाचं पटलं. एक शंका राहते. विसाव्या सेकंदाला बाकाकडं बघायची सवय. बाकावरचे गप्प बसले तरी तो बघणारच असं वाटतं.

पंच_मिरज

बघतो कारण वेळ किती उरला ते त्याला कळत नाही. मोठ्या सामन्यात मॅटच्या टोकाला घड्याळ दिसतं, गावच्या मैदानावर नसतं, मग तो माणसांकडं बघतो. सरावात दमाची लय मोजायला शिकवा. घड्याळ लावून उभं करा आणि 20 सेकंदांत तो किती वेळा ‘कबड्डी’ म्हणतो ते मोजा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, पण एकाच माणसाचा फारसा हलत नाही. तो आकडा त्याला पाठ झाला की मान वळवायची गरज उरत नाही. थकल्यावर लय वाढते, म्हणून सरावाच्या शेवटीही एकदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

मैदान_वाळवा

उद्या सकाळी मोजतो. पट्टा आखायला चुना आणलाय. स्पर्धेनंतरची वही इथंच टाकतो.